नकार आणि उपचार

१९३८ च्या एप्रिल महिन्यात रोमच्या रेल्वे स्थानकावर पोलिसांना एक मनुष्य भटकताना आढळला. जवळ तिकीट नव्हते, आणि सुटण्याच्या बेतात असलेल्या गाड्यांमधून तो हिंडत होता. त्याचे बोलणे कोणाला उमगेना. शब्दांसारखे काही ऐकू येई, पण त्यातून अर्थ निघत नसे. पोलिसांनी त्याला विद्यापीठाच्या मनोरुग्ण-चिकित्सालयात धाडले. तेथील प्रमुख उगो चेर्लेत्ती आणि त्यांचे तरुण सहकारी लुचो बिनी हे त्या सुमारास एका प्रयोगाच्या तयारीत होते. मेंदूतून वीज सोडून माणसाला आकडी आणता येईल का, आणि ती आणूनही त्याचा जीव सुरक्षित राहील का, हे त्यांना पाहावयाचे होते. कुत्र्यांवर प्रयोग झाले होते. शहराच्या कत्तलखान्यात डुकरांच्या डोक्याला विजेचे चिमटे लावून मग त्यांचा गळा चिरीत असत. चेर्लेत्ती तेथे गेले आणि त्यांनी पाहिले की विजेने डुक्कर मरत नाही. ते आकडी येऊन पडते आणि सुरी चालविली नाही तर काही वेळाने उठून चालू लागते. एवढे कळल्यानंतर माणूस तेवढा हवा होता. ज्याच्या वतीने प्रश्न विचारावयास त्या घटकेला कोणी नव्हते, असा माणूस पोलिसांनी आणून दिला.

पहिला झटका सौम्य होता. आकडी आली नाही. तो मनुष्य मोठ्याने गाऊ लागला. दुसरा झटका अधिक जोराचा द्यावा की आजचा दिवस जाऊ द्यावा, अशी चर्चा त्याच्या उशाशीच सुरू झाली. आणि तोवर निरर्थक बडबडणारा तो मनुष्य एकाएकी स्वच्छ, गंभीर इटालियन भाषेत बोलला. दुसऱ्यांदा नको, हे प्राणघातक आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. उपस्थितांच्या वृत्तान्तांत तपशिलांचे काही फरक आहेत. परंतु हा प्रसंग खुद्द चेर्लेत्तींनीच पुढे लिहून ठेवला आहे, आणि त्या शब्दांनी आपले मन डगमगले होते हेही त्यांनी लपविले नाही. त्यानंतर दुसरा झटका देण्यात आला. आकडी आली, ओसरली, आणि तो मनुष्य शांतपणे उठून बसला. पुढे आणखी काही वेळा उपचार झाले, तो सुधारून घरी गेला, आणि कालांतराने आजार पुन्हा उलटला.

विद्युत्-उपचाराच्या इतिहासात ही कथा बहुधा एका शोधाची कथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातले ते एक वाक्य सोडवत नाही. रुग्णाला शहाणपण परत मिळावे म्हणून सारी खटपट चालली होती, आणि त्याच्या तोंडून त्या दिवशी निघालेले पहिले शहाणे वाक्य नकाराचे होते. ते वाक्य प्रकृतीतील सुधारणेचे लक्षण म्हणून टिपून ठेवण्यात आले; त्यातले म्हणणे मात्र कोणी ऐकले नाही.

चेर्लेत्तींना खलनायक ठरविणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे होईल. त्यांच्या आधी काय चालत होते हे पाहिले पाहिजे. बुडापेस्टच्या लादिस्लास मेदुना यांनी १९३४ मध्ये कापराच्या इंजेक्शनाने आकडी आणण्यास आरंभ केला. फेफरे आणि छिन्नमनस्कता हे एकमेकांचे वैरी आहेत, एक आले की दुसरे हटते, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत चुकीची ठरली. पण काही रुग्ण, वर्षानुवर्षे मुके आणि निश्चल पडलेलेसुद्धा, खरोखरच उठून बसले. चुकीच्या तर्कातून खरा गुण येण्याचे हे काही वैद्यकातले एकमेव उदाहरण नव्हे. पुढे कापराची जागा कार्डियाझोल या औषधाने घेतली. ते टोचल्यापासून आकडी येईपर्यंतचा जो थोडासा अवधी असे, त्यात रुग्णाला मृत्यूच अंगावर येत असल्यासारखी दहशत वाटे. विजेने शुद्ध तत्क्षणी हरपते, म्हणून ती त्या मानाने दयाळू ठरली. त्याच काळात मेंदूच्या पुढच्या भागाची जोडणी तोडणारी लोबोटॉमीची शस्त्रक्रिया सुरू झाली होती, आणि तिच्या जनकाला, पोर्तुगालच्या एगास मोनिश यांना, १९४९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. अशा शेजारात विजेचा झटका सौम्यच म्हणावा लागेल.

आजचे रूप आणखी बदलले आहे. रुग्णाला भूल देतात, स्नायू शिथिल करणारे औषध देतात, प्राणवायू देतात. काही सेकंद वीज वाहते, मेंदूत आकडी येते, पण शरीर तडफडत नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, अशा साधारण सहा ते बारा बैठका होतात. नेमका गुण कशाने येतो याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. पण गुण येतो. ज्याने अन्नपाणी सोडले आहे, जो काष्ठवत् पडून आहे, ज्याला आपण केव्हाच मेलो असून शरीर आतून कुजत आहे असे वाटते, अशा रुग्णाच्या बाबतीत औषधांना अनेक आठवडे लागतात. येथे काही दिवसांत फरक दिसू शकतो. तो टिकेल याची हमी नसते. पुढचे उपचार नसतील तर आजार उलटण्याचे प्रमाण मोठे आहे. तथापि मरणाच्या दारातून माणूस परत आलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा उपचार म्हणजे निव्वळ क्रौर्य आहे असे सांगून पटणार नाही, आणि पटू नये.

सामान्य जनांच्या मनातले चित्र मात्र १९३८ च्याच जवळपास थांबले आहे. ‘शॉक देणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे उपचारापेक्षा शिक्षेच्या अंगाने अधिक वापरला जातो. पुण्यात कोणी विचित्र वागला की ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, मुंबईत ‘ठाण्याला’. उत्तरेत तेच काम आग्रा आणि रांची करतात. हे केवळ भाषेचे खेळ नाहीत. शिक्षा म्हणून वीज खरोखरच वापरली गेली आहे. न्यूझीलंडच्या लेक ॲलिस या रुग्णालयात १९७० च्या दशकात मुलांना देण्यात आलेले विजेचे झटके हा छळ होता, असे तेथील सरकारने २०२४ मध्ये मान्य केले. भीतीला आधार आहे, आणि उपयोगालाही आधार आहे. म्हणून हा उपचार चांगला की वाईट, असा सरधोपट प्रश्न मला फारसा फलदायी वाटत नाही. ज्याच्या मनावर उपचार करावयाचा त्याच्याच मनाने दिलेल्या नकाराचे काय करावे, हा प्रश्न खरा अवघड आहे.

पाय कापावा लागेल असे सांगितल्यावर रुग्ण नाही म्हणाला, तर त्याचा नकार आणि त्याचा पाय या दोन वेगळ्या गोष्टी राहतात. मनाच्या आजारात तसे होत नाही. येथे आजार झालेले इंद्रिय आणि नकार देणारे इंद्रिय एकच. त्यामुळे डॉक्टर म्हणू शकतो की हा नकार रुग्णाचा नाही, रोगाचा आहे. पण या युक्तिवादाला कोठे थांबावे हे कळत नाही. कारण मग होकारही रोगाचाच म्हणावा लागेल. आणि खोल नैराश्यात बुडालेला मनुष्य पुष्कळदा होकार देतो तो आपण यातनांनाच पात्र आहोत म्हणून. तो होकार चालतो, त्यावर सही घेतली जाते. नकार तेवढा रोगाच्या खात्यावर पडतो!

मला वाटते, नकार आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. नकारात काय म्हटले आहे ते ऐकावे लागते. ‘मी पापी आहे, मला बरे करू नका’ असे म्हणणारी स्त्री उपचाराविषयी काहीच बोलत नसते. ती स्वतःविषयी बोलते, आणि रोगाच्या भाषेत बोलते. ‘मागच्या वेळी माझ्या मुलाचे बालपण माझ्या आठवणीतून गेले, पुन्हा ते नको’ असे म्हणणारी स्त्री उपचाराविषयी बोलते. तिचे दुःख कितीही विकृत असो, हे वाक्य विकृत नाही. दोघींच्या केसपेपरवर एकच नोंद होते: रुग्ण नकार देत आहे. रोमच्या त्या अनामिकाचे वाक्य दुसऱ्या प्रकारचे होते. त्याने नुकताच एक झटका अनुभवला होता, दुसरा येणार हे ऐकले होते, आणि त्या दोन गोष्टी त्याने अचूक जोडल्या होत्या. त्या खोलीत त्या क्षणी त्याच्याइतका माहीतगार दुसरा कोणी नव्हता.

याला एक उत्तर नेहमी दिले जाते: आज तो नाही म्हणतो, उद्या बरा झाल्यावर आभार मानील. पुष्कळ जण मानतातही. लहान मुलाला नाक दाबून कडू काढा पाजणारी आई याच भरवशावर असते. पण प्रौढ मनुष्य मूल नव्हे. शिवाय उद्याच्या कृतज्ञतेवर आज उचल घेण्याच्या व्यवहारात, कृतज्ञता जमा झालीच नाही तर काय, याचे उत्तर कोणी देत नाही. यातली तात्त्विक अडचण तर त्याहून खोल आहे. नकार देणारा आणि आभार मानणारा हे दोघे एकच आहेत, असे आपण गृहीत धरतो. मिलिंदपञ्हात यवन राजा मिनँडर भिक्षू नागसेनाला विचारतो की जन्मलेला आणि वाढलेला हे एकच की वेगळे? नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरातली ज्योत नव्हे, पण रात्रभर जळला तो एकच दिवा. आंबे चोरणारा चोर असे म्हणू शकत नाही की मालकाने लावले ते आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. कारण हे त्यातूनच आले. सातत्य आहे, म्हणून जबाबदारी आहे. नागसेनाच्या या उत्तराने आपल्या प्रश्नाची एक बाजू उजळते. पहिल्या प्रहरातल्या ज्योतीवर जे केले त्याचा जाब शेवटच्या प्रहरातली ज्योत विचारू शकते, आणि ती समाधानी असेल तर तिच्या समाधानालाही अर्थ आहे. पण त्या समाधानाने मागे जाऊन पहिल्या प्रहरात संमती निर्माण होत नाही. कर्ज फेडले गेले म्हणून ते न विचारता काढले नव्हते असे ठरत नाही.

आणि मध्येच ज्योतीचा काही भाग विझला तर? विद्युत्-उपचाराची किंमत बहुधा स्मृतीत चुकवावी लागते. उपचारानंतरचा गोंधळ ओसरतो, नवे लक्षात ठेवण्याची शक्ती बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत मिळते. पण उपचाराच्या आधीच्या काळातल्या आठवणी, विशेषतः स्वतःच्या आयुष्यातल्या, काहींच्या बाबतीत कायमच्या जातात. आपल्याकडच्या नैयायिकांनी आत्म्याच्या अस्तित्वाचा एक पुरावा नेमका येथे शोधला होता: पूर्वी डोळ्यांनी पाहिलेले जो आज हाताने स्पर्शून ‘हेच ते’ म्हणून ओळखतो, तो दोन्ही वेळी एकच असला पाहिजे. ओळख पटविणारा हा धागा कोठे कोठे तुटला तर आत्मा नाहीसा होतो असे कोणी म्हणणार नाही. पण बहिणीचे लग्न स्वतः उभे राहून लावून दिले आणि आता त्याची छायाचित्रे परक्या घरच्या कार्यासारखी पाहावी लागतात, या नुकसानाला वैद्यकाच्या मोजमापात नाव नाही. ‘दुष्परिणाम’ हा शब्द त्याला अपुरा पडतो.

शिवाय हे नुकसान आपली साक्ष स्वतःच पुसते. जे गेले ते काय होते हे सांगावयास तेच लागते. रुग्ण तक्रार करतो तेव्हा त्याला सांगितले जाते की विस्मरण हे नैराश्याचेही लक्षण आहे. आणि ते खरेही आहे, म्हणूनच त्याला खोडून काढणे कठीण. डायना रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रुग्णांच्या मतांविषयीचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत २६ अभ्यास डॉक्टरांनी केलेले होते आणि ९ रुग्णांनी किंवा रुग्णांच्या सहभागाने. उपचारामुळे फायदा झाला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण डॉक्टरांच्या अभ्यासांत अधिक निघाले. विचारणारा कोण, उपचार संपल्यावर किती दिवसांनी विचारले, किती प्रश्न विचारले, यावर उत्तर अवलंबून होते. ज्याने झटके दिले तोच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णालयातच येऊन ‘बरे वाटते ना?’ असे विचारू लागला, तर आपणही काय म्हणू? टिकून राहणाऱ्या स्मृतिनाशाची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत २९ ते ५५ टक्के होते. या आकड्यांवर वाद झाले आणि होत राहतील. पण एवढ्या लोकांच्या तक्रारीला दीर्घकाळ भ्रमाच्या सदरात टाकता आले, ते तक्रार करणारे मनोरुग्ण होते म्हणून.

ज्यांचे ऐकले गेले त्यांचे का ऐकले गेले, हेही पाहण्यासारखे आहे. न्यूझीलंडच्या लेखिका जेनेट फ्रेम यांच्या आयुष्यातली जवळजवळ आठ वर्षे मनोरुग्णालयांतून ये-जा करण्यात गेली. छिन्नमनस्कतेचे निदान झाले होते. भूल न देता दिलेले झटके आपण दोनशेहून अधिक वेळा सोसले, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. पुढे लोबोटॉमीची तारीख ठरली. आईने कागदावर सही केली. तेवढ्यात त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाला पारितोषिक मिळाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, रुग्णालयाच्या अधीक्षकांनी ती वाचली, आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. काही वर्षांनी लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात त्यांना सांगण्यात आले की तुम्हांला छिन्नमनस्कता कधी नव्हतीच. पारितोषिकाने एक मेंदू वाचला. त्याच वॉर्डात पारितोषिक न मिळालेल्या बायका किती होत्या, हा विचार फ्रेम यांनाही सुटला नाही.

दुसरी साक्ष याच्या अगदी उलट आहे. शेर्विन न्युलँड हे अमेरिकेतले शल्यविशारद. मरणाच्या प्रक्रियेवरील त्यांचे पुस्तक पुढे जगभर वाचले गेले. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते खोल नैराश्याने रुग्णालयात होते आणि कशाचाही उपयोग होत नव्हता. वरिष्ठांनी लोबोटॉमीचा विचार पक्का करीत आणला. एका शिकाऊ डॉक्टराने त्याला विरोध केला आणि आधी विजेचे उपचार करून पाहावेत असा आग्रह धरला. न्युलँड बरे झाले, पुन्हा शस्त्रक्रिया करू लागले, आणि सुमारे तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांनी भर सभेत ही हकिकत सांगितली. फ्रेम यांना सुरीपासून पुस्तकाने वाचविले, न्युलँडना विजेने. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. एक दुसरीला खोटे पाडत नाही, कारण एकीत रोगच नव्हता आणि दुसरीत तो प्राणांतिक होता. पण दोघांचेही बोलणे आपल्यापर्यंत पोचले ते एक थोर लेखिका होती आणि दुसरा नामवंत डॉक्टर होता म्हणून.

आपल्या देशात हा प्रश्न प्रदीर्घ काळ भुलेच्या प्रश्नाआड दडून राहिला. भूलतज्ज्ञ कमी, सोयी अपुऱ्या, म्हणून भूल न देताच झटके देण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालू होती, आणि ‘न देण्यापेक्षा असे दिलेले बरे’ हे तिचे समर्थन असे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. त्यानंतर मनोरुग्णांचे हक्क न्यायालयांपुढे आणि संसदेपुढे अधिक ठळकपणे आले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू-शिथिलक यांवाचून विद्युत्-उपचार करण्यास मनाई केली. अल्पवयीनांवर तो करावयाचा तर पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तातडीचा उपचार म्हणूनही तो देता येत नाही. या शेवटच्या तरतुदीवर डॉक्टर नाराज आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही: अन्न सोडून निश्चल पडलेल्या रुग्णाला ज्याची सर्वांत तातडीने गरज, नेमके तेच तातडीच्या वाटेने देता येत नाही. त्यासाठी रुग्णाने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरविलेल्या प्रतिनिधीची वाट धरावी लागते.

अशा मुक्या रुग्णाच्या बाबतीत माझे मत उपचाराच्या बाजूचे आहे. मौन हा नकार नव्हे. पण तिसऱ्या किंवा चौथ्या बैठकीनंतर त्याला वाचा फुटली, तर पुढच्या बैठकीआधी थांबून त्याला विचारले पाहिजे. बारा बैठकांवर एकदाच घेतलेली सही, तीही दुसऱ्याची, त्या क्षणी शिळी झालेली असते. ज्या उपचाराने बोलणे परत आणले त्याने त्या बोलण्यातले ‘नको’ ऐकण्याचीही तयारी ठेवावी लागेल. ते ऐकून आजार उलटला तर? उलटेल कदाचित. इतर कोणत्याही रोगात हा धोका पत्करण्याचा अधिकार आपण रुग्णाकडून काढून घेत नाही.

याच कायद्याने आगाऊ लेखी निर्देशाचा हक्क दिला आहे. बरा असताना मनुष्य लिहून ठेवू शकतो की पुढे माझी विवेकशक्ती गेली तर मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. होमराच्या ओडिसियसाने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले आणि मी सोडा म्हणालो तरी सोडू नका असे खलाशांना बजावले, त्यातलाच हा प्रकार. विद्युत्-उपचार एकदा घेतलेल्या माणसाला तो फार उपयोगी पडावा, कारण त्याला गुण आणि किंमत दोन्ही ठाऊक असतात. पण किंमत ठाऊक होण्यासाठी ती कोणीतरी मोजलेली हवी. उपचाराआधी रुग्णाच्या घरच्या माणसाजवळ बसून गेल्या चार-पाच वर्षांतले दहा-वीस प्रसंग लिहून घ्यावेत — कोणाचे बारसे, कोणता प्रवास, कोणते भांडण, कोणते घर सोडले — आणि शक्य असेल तेथे ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावेत. सहा महिन्यांनी, उपचार केलेल्या डॉक्टराखेरीज दुसऱ्या कोणी तीच वही उघडून त्याला विचारावे. काय उरले, काय गेले, आणि जे गेले त्याच्या बदल्यात जे मिळाले ते त्याला पुरेसे वाटते का. त्याचे उत्तर त्याच वहीत, त्याच्याच शब्दांत लिहावे, आणि पुढचा लेखी निर्देश तो त्या वहीवरून करील. भूल कोणी दिली, वीज किती सोडली, आकडी किती सेकंद टिकली, हे सारे केसपेपरवर लिहिण्याची रीत आहे. या वहीची सक्ती कायद्यात कोठेही नाही.